प्रकल्प नोंदी: मानवी एफजीएफ-2 आपल्याच लॅबमध्ये

3 जून 2025

आजच्या मीटिंगमध्ये ठरलं. मानवी एफजीएफ-2 (पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन) आता विकत घ्यायचं नाही, आपण बनवायचं. वरच्या मजल्यावरचा स्टेम सेल ग्रुप ज्या माध्यमात पेशी वाढवतो त्यात हे प्रोटीन दर मिलीलिटरला 100 नॅनोग्रॅम लागतं, म्हणजे एक लिटर माध्यमाला 100 मायक्रोग्रॅम. 37 अंशांवर ते फार टिकत नाही, त्यामुळे माध्यम रोज बदलायचं. एवढंसं प्रोटीन बाहेरून मागवायचं, त्याची वाट बघायची, आणि कुपी संपत आली की प्रयोगच आखडता घ्यायचा, हे किती दिवस चालणार?

प्रोटीन तसं लहान आहे. जनुकातून 155 अमिनो आम्लं येतात, त्यातलं पहिलं मेथिओनीन पेशी स्वतःच कापून टाकते आणि 154 उरतात. वस्तुमान सुमारे 17 किलोडाल्टन. साखरेच्या साखळ्या लागत नाहीत, त्यामुळे ई. कोलाय या जीवाणूमध्ये करता येतं. या कामासाठी हे प्रोटीन निवडण्याचं ते एक कारण.

सुरू करण्याआधीच कसोट्या लिहून ठेवते आहे, म्हणजे नंतर जे हाती येईल तेच बरोबर असं म्हणायची वेळ येणार नाही. एक, जेलवर (त्यात प्रोटीनं आकारमानाप्रमाणे वेगळी होतात) एकच बँड, डीटीटी (रेणूंना जोडणारे सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घालून आणि न घालताही. दोन, एंडोटॉक्सिन (जीवाणूच्या आवरणातला विषारी घटक) दर मायक्रोग्रॅमला 0.1 युनिटपेक्षा कमी. तीन, थ्रीटीथ्री या उंदराच्या पेशींवर अर्धा परिणाम (कमाल वाढीच्या निम्मा) दर मिलीलिटरला 1 नॅनोग्रॅमच्या आत. आणि या तिन्ही गोष्टी फ्रीझरमध्ये काही आठवडे राहिलेल्या ट्यूबमध्येही तशाच दिसल्या पाहिजेत. सर म्हणाले, चौथी अट सगळ्यात अवघड जाईल.

जैवसुरक्षा समितीचा अर्ज गेल्या महिन्यातच मंजूर झाला आहे. त्याची प्रत या वहीच्या पहिल्या पानाला लावली.

9 जून

जनुक आलं. कोडॉन (प्रत्येक अमिनो आम्लासाठीचे तीन अक्षरी संकेत) ई. कोलायच्या सवयीप्रमाणे बदलून घेतले आहेत, पण अमिनो आम्लांचा क्रम मानवी आहे, त्यात एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. व्हेक्टर, म्हणजे जनुक जीवाणूत नेणारं डीएनएचं वर्तुळ, पेट-28ए. एनकोवन आणि एक्सएचओवन या दोन एन्झाइमांच्या कापण्याच्या जागांमध्ये जनुक बसवलं. एनकोवनच्या जागेत एटीजी, म्हणजे मेथिओनीनच्या कोडॉननंतर, जी हे अक्षर लागतं. एफजीएफ-2 मध्ये मेथिओनीननंतर अ‍ॅलॅनीन येतं आणि त्याचा कोडॉन जीनेच सुरू होतो, त्यामुळे एकही परकं अमिनो आम्ल न घालता जोड बसली.

हिस-टॅग (शुद्धीकरण सोपं करणारी हिस्टिडीनची शेपटी) लावला नाही. प्रोजेक्ट असिस्टंटने विचारलं, "ताई, टॅग असता तर निकेल कॉलमवर एका दिवसात काम झालं असतं ना?" झालं असतं. पण मग टॅग कापायला प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम), ते प्रोटीएज काढायला आणखी एक कॉलम, आणि इतकं करून एखाद-दोन अमिनो आम्लं मागे राहण्याची शक्यता. या प्रोटीनला निसर्गानेच हेपरिनची (ऋण प्रभाराची साखरेची साखळी) ओढ दिली आहे. तीच वापरायची.

दोन क्लोन सीक्वेन्सिंगला पाठवले.

13 जून

सीक्वेन्स बरोबर आला. ई. कोलायच्या बीएल21 डीई3 या स्ट्रेनमध्ये घातलं. या स्ट्रेनमध्ये लॉन आणि ओम्पटी ही दोन प्रोटीएज नाहीत, त्यामुळे तयार झालेलं प्रोटीन कापलं जाण्याची भीती कमी.

इंडक्शनची, म्हणजे जीवाणूला प्रोटीन बनवायला लावण्याची, चाचणी तीन तापमानांवर घेतली: 37, 25 आणि 18 अंश. त्यासाठीचं रसायन आयपीटीजी तिन्हीकडे सारखं. 37 वर बँड सगळ्यात जाड, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळलेला. 18 वर एकूण कमी, मात्र बहुतेक सगळं सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वरच्या द्रवात. 25 अंश मधोमध. 18 अंश आणि रात्रभर, हे नक्की केलं. जाड बँड बघून मोह होतो, पण न विरघळलेलं प्रोटीन उलगडून पुन्हा घडीत बसवणं हे वेगळंच काम आहे आणि या प्रोटीनसाठी त्याची गरज नाही.

20 जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, कॉलममध्ये भरायच्या रेझिनचं कुरियर आलं नाही. बफर करून गाळून ठेवले, ग्लिसरॉल स्टॉक -80 ला टाकले.

24 जून

मोठं कल्चर. चार फ्लास्क, प्रत्येकी अर्धा लिटर. ओडी (कल्चरचा गढूळपणा) 0.7 ला शेकर 18 अंशांवर आणला, अर्ध्या तासाने आयपीटीजी. आज सकाळी पेलेट गोळा केला.

लायसिस (पेशी फोडणं) करताना या प्रोटीनचा स्वभाव पहिल्यांदा दिसला. त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण प्रभार शून्य) साडेनऊच्या पुढे, म्हणजे पीएच 7.5 ला त्याच्यावर भरपूर धन प्रभार. जीवाणू फुटला की डीएनए-आरएनए बाहेर येतात, त्यांच्यावर ऋण प्रभार. दोघं एकमेकांना धरून बसतात. सोनिकेशनच्या (ध्वनिलहरींनी पेशी फोडण्याच्या) पहिल्या फेरीनंतर लायसेट इतकं चिकट होतं की पिपेटच्या टोकाला तार लोंबत होती. डीएनए-आरएनए कापणारं न्यूक्लिएज घातलं, मॅग्नेशियम घातलं, मीठ अर्ध्या मोलरपर्यंत नेलं, बर्फावर वीस मिनिटं थांबलो. तार गेली आणि लायसेट पाण्यासारखं वाहायला लागलं.

ही पायरी घाईत उरकणाऱ्यांना पुढे कॉलमवर 260 नॅनोमीटरला मोठं शिखर दिसतं आणि प्रोटीन किती आहे याचा अंदाजच चुकतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर 260 (तिथे डीएनए-आरएनए प्रकाश शोषतात) आणि 280 (तिथे प्रोटीन) दोन्ही बघायचं असा नियम इथे लिहून ठेवते.

26 जून

आजचा दिवस या कामातला सगळ्यात सुंदर.

आधी एसपी कॉलम, ऋण प्रभाराचा. त्यासाठी लायसेट विरळ करून मीठ खाली आणलं. धन प्रभाराचं प्रोटीन अडकलं, बाकी बरंच वाहून गेलं. मग हेपरिन कॉलम. 0.5 मोलर मिठात धुतलं, नंतर मीठ हळूहळू वाढवणारा ग्रेडियंट 2 मोलरपर्यंत. हेपरिनला धरणारी जीवाणूची स्वतःची बरीच प्रोटीनं असतात, डीएनएला बांधली जाणारी तर हमखास. ती 0.4 ते 0.8 मोलरच्या आसपास एकामागून एक सुटली. त्यानंतर पडद्यावरची रेष सपाट. कंडक्टिव्हिटी, म्हणजे मिठाचं प्रमाण, चढत होती, 280 ची रेष मात्र तळाला चिकटलेली. असिस्टंट हळूच म्हणाला, "गेलं का सगळं फ्लो-थ्रूमध्ये?" म्हणजे न अडकता वाहून गेलं का. त्याला थांब म्हटलं. मीठ दीड मोलरच्या जवळ गेलं आणि एकच उंच, अरुंद शिखर वर आलं.

इतकं मीठ असूनही हेपरिनला धरून राहणारी प्रोटीनं फार थोडी आहेत. या प्रोटीनचा इतिहासही इथेच वळला. 1974 मध्ये गोस्पोदारोविच यांनी गायीच्या पिट्युटरी ग्रंथीतून पेशी वाढवणारा हा घटक वेगळा केला, पण शुद्ध स्वरूपात तो पुरेसा हाती येत नव्हता. 1984 मध्ये बोस्टनला फोकमन आणि क्लाग्सब्रुन यांच्या गटाने ट्यूमरमधून रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारा घटक हेपरिन कॉलमवर पकडला आणि मग वेगवेगळ्या ऊतींमधून वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे कितीतरी घटक एकच आहेत हे उलगडत गेलं. आज आमच्या पडद्यावर आलेलं शिखर त्याच गुणधर्माचं. असिस्टंटला हे सगळं कॉलम चालू असतानाच सांगितलं. शिकायची तीच वेळ असते.

280 च्या वाचनावरून मोजणी केली. या प्रोटीनमध्ये एक ट्रिप्टोफॅन आणि सात टायरोसीन आहेत, त्यामुळे 1 मिलिग्रॅम प्रति मिलीलिटरला शोषण सुमारे 0.93 येतं. दोन लिटर कल्चरमधून तीसेक मिलिग्रॅम. स्टेम सेल ग्रुपला हे कितीतरी महिने पुरेल.

1 जुलै

जेल. डीटीटी घातलेल्या लेनमध्ये 17-18 किलोडाल्टनच्या जागी एक स्वच्छ बँड, आजूबाजूला काही नाही. हा फोटो कुणालाही दाखवावा असा.

शेजारच्या लेनमध्ये तोच नमुना, पण डीटीटी न घालता. तिथे 17 चा बँड, 35 च्या जवळ दुसरा, आणि त्याच्या वर पुसटसे आणखी. चार दिवस 4 अंशांवर ठेवलेल्या प्रोटीनच्या जोड्या झाल्या होत्या.

कारण माहीत आहे. एफजीएफ-2 मध्ये चार सिस्टीन (सल्फर असलेली अमिनो आम्लं) आहेत: 34, 78, 96 आणि 101. त्यातले 78 आणि 96 पृष्ठभागावर उघडे असतात. हवेतला ऑक्सिजन आणि बफरमधला किंचित धातू एवढं मिळालं की दोन रेणूंची सिस्टीनं एकमेकांत अडकतात. पेशीच्या आत हे होत नाही, कारण तिथलं वातावरणच क्षपणकारक. ट्यूबमध्ये तशी राखण करणारं कुणी नाही.

सरांशी बराच वेळ बोलणं झालं. 78 आणि 96 च्या जागी सेरीन घातलं की हा प्रश्न बराचसा मिटतो, हे 1988 पासून माहीत आहे, आणि त्याने प्रोटीनची क्रिया जात नाही. सरांचा कल तिकडे होता. माझं म्हणणं असं की ट्यूबवर 'मानवी एफजीएफ-2' लिहायचं असेल तर आतला क्रम मानवी असला पाहिजे. कुणी पुढे रिसेप्टरशी बांधणी मोजेल, कुणी सिस्टीनवरच फ्लुओरोफोर (चमकणारा रेणू) लावेल. त्यांना न सांगता दोन अक्षरं बदललेली द्यायची नाहीत. बदललेलं हवं असेल तर ते वेगळ्या नावाने, वेगळ्या बॅचमध्ये. सरांना पटलं. नैसर्गिक क्रम ठेवायचा, आणि पहिल्या बफरपासून शेवटच्या ट्यूबपर्यंत डीटीटी आणि धातू धरून ठेवणारं ईडीटीए.

सध्याची बॅच जेल आणि कॉलमच्या सरावासाठी बाजूला. पेशींवर जाणार नाही.

8 जुलै

दुसरी बॅच. सगळ्या बफरमध्ये 1 मिलिमोलर डीटीटी, ईडीटीए सुद्धा. हेपरिनवरून उतरल्यावर लगेच लहान ट्यूबमध्ये वाटून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलं, एकही ट्यूब 4 अंशांवर रात्रभर राहिली नाही. डीटीटी न घातलेल्या जेलवर आता एकच बँड. मास स्पेक्ट्रोमेट्रीत पूर्ण क्रमापेक्षा 131 डाल्टन कमी, म्हणजे पहिलं मेथिओनीन गळालेलं. जसं हवं तसं.

घडी नीट बसली आहे का, हे फ्लुओरेसन्सने बघितलं. या प्रोटीनमध्ये ही एक विलक्षण सोय आहे. एकुलतं एक ट्रिप्टोफॅन नीट घडी असलेल्या रेणूत जवळजवळ विझलेलं असतं, त्यामुळे 280 चा प्रकाश टाकला की 305-308 च्या आसपास टायरोसीनचाच उजेड दिसतो. घडी उलगडली की ट्रिप्टोफॅन 350 जवळ बोलायला लागतं. आमच्या नमुन्यात 307 ला शिखर, 350 ला जेमतेम उतार. तोच नमुना घडी उलगडणाऱ्या ग्वानिडीनमध्ये ठेवला आणि शिखर सरळ 350 वर गेलं. दोन्ही आलेख एका पानावर चिकटवले. पाच मिनिटांची आणि जवळजवळ फुकटची चाचणी. प्रत्येक बॅचला करायची.

15 जुलै

एंडोटॉक्सिन. ही कसोटी नापास.

ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, तेच एंडोटॉक्सिन, त्यावर फॉस्फेटचा ऋण प्रभार. आपलं प्रोटीन धन. पुन्हा तीच गोष्ट, दोघं एकमेकांना धरून सगळे कॉलम पार करून येतात. जेलवर यातलं काहीच दिसत नाही, 280 लाही नाही. ट्यूब स्वच्छ दिसते, आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकली की सायटोकाइन या इशारा देणाऱ्या प्रोटीनांचा पूर येतो. संशोधक त्याचं श्रेय एफजीएफ-2 ला देऊन मोकळा होतो. असे निष्कर्ष छापले जातात आणि पुढची लॅब त्यावर वर्षं घालवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चाचणीसाठी रीकॉम्बिनंट फॅक्टर सी वापरतो. पूर्वी यासाठी नालाकृती खेकड्याचं रक्त लागायचं. आता त्या खेकड्याचा एक गोठण घटकच लॅबमध्ये तयार होतो. वाचन दर मायक्रोग्रॅमला 8 युनिट. विरळ न केलेल्या नमुन्यात मुद्दाम घातलेलं एंडोटॉक्सिनही नीट परत मिळत नव्हतं, म्हणजे नमुना चाचणीतच अडथळा आणत होता. शंभरपट विरळ केल्यावर ते 50 ते 200 टक्क्यांच्या मर्यादेत परत आलं, आणि तेव्हाच 8 हा आकडा खरा धरला. ही खात्री न करता कमी आलेला आकडा कुणी दाखवला तर मी तो धरणार नाही.

काचेची भांडी आता ऑटोक्लेव्हवर सोडायची नाहीत. ऑटोक्लेव्हने जीवाणू मरतो, त्याचं एंडोटॉक्सिन राहतं. लॅबमधल्या काकांना सांगितलं, ही रॅक वेगळी, 250 अंशांच्या ओव्हनमध्ये निदान अर्धा तास. त्यांनी रॅकला लाल पट्टी लावली.

22 जुलै

ट्रायटन एक्स-114 ने धुणं. हे डिटर्जंट थंडीत पाण्यात मिसळून राहतं आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास वेगळं होतं. प्रोटीन हेपरिन कॉलमवर अडकलेलं असतानाच, कोल्डरूममध्ये, 0.1 टक्के एक्स-114 असलेल्या बफरने कॉलमच्या आकारमानाच्या पन्नासपट धुतलं. लिपोपॉलिसॅकराइड डिटर्जंटसोबत जातं, प्रोटीन हेपरिनला धरून बसतं.

एक काळजी: ट्रायटन स्वतः 280 ला शोषतं. त्यामुळे डिटर्जंट नसलेल्या बफरने धुताना रेष पूर्ण तळाला येऊन स्थिर झाल्याशिवाय इल्यूशन (प्रोटीन कॉलमवरून उतरवणं) सुरू करायचं नाही. रेष पाऊण तासाने खाली आली. कोल्डरूममध्ये स्वेटर घालून उभं राहावं लागलं.

वाचन दर मायक्रोग्रॅमला 0.04 युनिट. पास.

30 जुलै

पेशी. थ्रीटीथ्री आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून आणलेल्या. एक दिवस कमी सीरमवर उपाशी ठेवल्या, मग 0.01 पासून 100 नॅनोग्रॅमपर्यंत एफजीएफ-2, 48 तास, शेवटी जिवंत पेशी मोजायला रेझाझुरिन हा रंग. शेजारी विकतचं प्रोटीन तुलनेला.

प्लेट दोन प्रकारे लावल्या होत्या. एकीत विरळ करायच्या बफरमध्ये 0.1 टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), दुसरीत नाही. बीएसए असलेल्या प्लेटवर दोन्ही वक्र एकावर एक: आपल्या प्रोटीनचा अर्धा परिणाम 0.4 नॅनोग्रॅमला, विकतच्याचा 0.3 ला. बीएसए नसलेल्या प्लेटवर दोघांचेही वक्र उजवीकडे सरकले, जवळजवळ दसपट. नॅनोग्रॅमच्या पातळीवर धन प्रभाराचं प्रोटीन प्लॅस्टिकच्या भिंतीलाच चिकटतं, पेशीपर्यंत पोचतच नाही. ज्यांना बीएसए चालत नाही त्यांच्यासाठी साठा जास्त सांद्रतेचा ठेवायचा आणि विरळ करणं अगदी शेवटच्या क्षणी.

उकळलेला नमुनाही लावला होता. तो सपाट. म्हणजे पेशी वाढल्या त्या प्रोटीनमुळेच.

12 ऑगस्ट

37 अंशांवर माध्यमात ठेवून दर काही तासांनी नमुना काढला आणि पेशींवर लावला. 24 तासांत क्रिया निम्म्याहून खूप खाली. विकतच्याचंही तेच. हा दोष बॅचचा नाही, रेणूच असा आहे. हेपरिन घातलेल्या नळीत क्रिया बरीच टिकली. शरीरातही हे प्रोटीन हेपरिनसारख्या हेपरान सल्फेटच्या आधाराने राहतं, आणि रिसेप्टरला धरायलाही त्याला तीच साथ लागते.

स्टेम सेल ग्रुपने विचारलं, रविवारी माध्यम न बदलता चालेल का? या प्रोटीनवर नाही. झेक प्रजासत्ताकात ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातल्या गटाने नऊ ठिकाणी बदल करून 37 अंशांवर कितीतरी दिवस टिकणारं रूप केलं आहे. ते पुढच्या वर्षीचा प्रस्ताव म्हणून सरांकडे मांडलं. नाव अर्थातच वेगळं असेल.

गोठवून-वितळवून बघितलं. पहिल्या वेळी फरक नाही, तिसऱ्या वेळी डीटीटी न घातलेल्या जेलवर 35 चा बँड दिसायला लागतो. ट्यूब एकदाच वापराची.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. -80 फ्रीझरच्या अलार्मची ड्यूटी वाटून घेतली, पहिले दोन दिवस माझ्याकडे.

10 सप्टेंबर

जुलैच्या बॅचची ट्यूब उघडली. जेलवर डीटीटीविना एक बँड. फ्लुओरेसन्स 307. थ्रीटीथ्रीवर अर्धा परिणाम 0.4. एंडोटॉक्सिन जुन्याच पातळीवर. चौथी अट पूर्ण. सरांनी वहीवर सही केली.

आज लेबलं छापली. नाव, क्रम नैसर्गिक, 154 अमिनो आम्लं, ई. कोलाय, टॅग नाही. सांद्रता आणि ती कशी मोजली. बफरमध्ये काय काय, डीटीटी धरून. एंडोटॉक्सिनचा आकडा, 'कमी' हा शब्द नको. क्रियेचा आकडा आणि तो कोणत्या पेशींवर. एकदाच वितळवा. फक्त संशोधनासाठी. एवढं लहान ट्यूबवर बसत नाही, म्हणून प्रत्येक बॉक्ससोबत एक पान. सगळ्या जेलचे फोटोही त्या पानावर, डीटीटी न घातलेला आधी.

दुपारी इम्युनॉलॉजीच्या विद्यार्थिनीने मॅक्रोफेजसाठी मागितलं. दिलं, पण सोबत दोन नियंत्रणं लावायला सांगितली: तेच प्रोटीन उकळून, आणि दुसरीकडे एंडोटॉक्सिन निष्क्रिय करणारं पॉलिमिक्सिन बी घालून. उकळल्यावर प्रोटीन मरतं, लिपोपॉलिसॅकराइड बहुतेक तसंच राहतं. उकळलेल्यानेही सायटोकाइन वाढलं तर ते एफजीएफ-2 चं काम नाही. "ताई, 0.04 म्हणजे जवळजवळ शून्यच ना?" म्हणाली. तिच्या पेशी किती संवेदनशील आहेत त्यावर ते ठरेल, आणि ते तिलाच मोजावं लागेल.

पुढची बॅच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, असिस्टंट एकटा करणार, मी बाजूला. एसपी रेझिन बदलायचं आहे. ट्रायटनच्या धुण्यानंतर 280 ची रेष खाली यायला किती वेळ लागतो ते त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं.